शेरातला अंगठा

पौष वद्य पंचमी. वाळू चाळायची आहे. भट्टीतली वाळू अधूनमधून चाळली नाही तर तिच्यात करपलेल्या कण्या साठतात आणि मुरमुऱ्यांवर काळे ठिपके येतात. कारखान्यात आता बाया आहेत, त्यांना हे काम येतं, पण ते मी अजून कुणाला दिलेलं नाही. चाळणी हलत असताना आपल्याशी कुणी बोलत नाही, आणि आज मला कुणाशी बोलायचं नव्हतं. काल चंद्रपूरला नव्यानं धंद्यात उतरलेल्या बायकांचा मेळावा होता. दोन शब्द सांगायला मला बोलावलं होतं. एका मुलीनं उठून विचारलं, "ताई, धंदा तुम्ही कुणाकडून शिकलात?" सगळ्यांना वाटलं मी आईचं नाव घेणार. मी म्हटलं, "नाटकातल्या एका माणसाकडून." सभा हसली. मीही हसले आणि खाली बसले. सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईचं नाव दुसऱ्याच कारणानं घ्यावं लागलं असतं, आणि माझंही. सकाळपासून तेवढं एकच डोक्यात आहे. वाळू चाळून झाली. आता लिहिते.

आमचं गाव चामोर्शीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. घरात आम्ही तिघं. बाबा बैलगाडी घेऊन जंगलातून जळाऊ लाकूड आणायचे, आई भट्टी चालवायची आणि मी आईच्या हाताखाली. भट्टी परसात होती, मातीची, आईनं स्वतः थापलेली. तिच्यावर काळी लोखंडी कढई आणि कढईत वाळू. वाळू तापली की आई मिठाच्या पाण्यातून काढलेले तांदूळ ओंजळभर टाकायची आणि सिंदीच्या काड्यांच्या जुडीनं फिरवायची. आधी काहीच व्हायचं नाही. मग एक दाणा तडकायचा, मग चार, आणि एकदम सगळी कढई बोलायला लागायची. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा तो आवाज माझ्या सगळ्या लहानपणाच्या मागे चालू आहे. त्या आवाजात मोठ्यानं बोलायची सवय लागली ती आजही गेलेली नाही. माझ्या सुना म्हणतात की मी फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते.

सकाळी भट्टीचा पहिला घाणा आमच्या न्याहारीचा. गरम मुरमुरे, वरून कच्चं तेल, तिखट, कांदा आणि परसातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. दुपारी भात आणि लाखोळीचं वरण. लाखोळी आवडत नाही असं एकदा मी म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "नोको खाऊ. तुह्या वाटेची मी खातो." आणि खरंच तिनं माझ्या पानातलं वरण स्वतःच्या भातावर घेतलं आणि मी त्या दिवशी कोरडा भात खाल्ला. आईचं सगळं असं असायचं. ती रागावायची नाही, समजूत घालायची नाही, करून मोकळी व्हायची.

गिऱ्हाईक पैसे फारसे आणायचं नाही. धान आणायचं. शेरभर धानाला अमुक शेर मुरमुरे असा गावाचा हिशेब ठरलेला होता आणि तो सगळ्यांना मान्य होता. आमच्याकडे एक लोखंडी शेर होता, कडा झिजून चकाकणारा. आई धान मोजून घ्यायची तेव्हा चार बोटं आणि अंगठा बाहेरून धरायची, वर शीग येईपर्यंत भरायची. मुरमुरे मोजून द्यायची तेव्हा चार बोटं बाहेर आणि अंगठा आत. अंगठा आणि त्याच्यामागचा तळहाताचा फुगवटा. शेर पदरात उलटा केला की हात झाकला जायचा. मग आई सुपातून एक चिमूट उचलायची, गिऱ्हाइकाच्या पदरात टाकायची आणि म्हणायची, "घे वो माय, हे वरचं." बाया खूश व्हायच्या. आमचं 'वरचं' आसपासच्या गावांत प्रसिद्ध होतं. दुसरीकडे कुणी देत नाही, कौसाबाई देते.

मी सहा-सात वर्षांची असताना विचारलं होतं, अंगठा कधी आत, कधी बाहेर, असं का? आई म्हणाली, "धान जड रायते. मुरमुरे उडतात, म्हनून आंगठ्यानं दाबून धराव." मला पटलं. उजव्या हातानं जेवायचं, डाव्या हातानं तांब्या धरायचा, तसंच हे. मीही तसंच मोजायला शिकले आणि माझा हात चांगला बसला म्हणून आईनं मला कौतुकानं गूळ दिला होता. त्या गुळाची चव मला आठवत नाही. पण दिला होता हे आठवतं, आणि आता लिहिताना ते आठवायला नको होतं असं वाटतं.

त्या वर्षी धान कापून झाल्यावर गावात शंकरपटाची तयारी सुरू झाली. शंकरपट म्हणजे आमच्याकडे बैलांच्या शर्यती. पण खरी ओढ शर्यतीच्या दिवशीच्या नाटकाची. पाहुणे गाड्या भरून येतात, प्रत्येक घरात माणूस मावत नाही, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. नाटक गावातलीच माणसं करायची. दिवसा बांधीत चिखल तुडवणारा माणूस राजा व्हायचा, आणि बायकांची कामंही पुरुषच करायचे. त्या वर्षीचं नाटक शाळेच्या मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं. एक गरीब आई मुरमुरे विकून मुलाला शिकवते, मुलगा शहरात जातो, मोठा होतो, बऱ्याच वर्षांनी परत येतो तेव्हा आईला ओळखत नाही आणि तिच्याकडूनच मुरमुरे विकत घेतो. आई त्याला ओळखते, पण बोलत नाही. माप भरून देते. बस. तिथं लोकांनी रडायचं असं मास्तरांनी ठरवलं होतं.

नाटकातल्या आईचं काम पत्रूभाऊकडे होतं. पत्रूभाऊ आमच्या दोन घरं पलीकडे राहायचा. काळा, रुंद खांद्यांचा, नांगर धरणारा माणूस. नाटक ठरलं त्या दिवशी त्यानं मिशी काढली. गावानं त्याला सोडलं नाही. पारावरून हाका यायच्या, "काऊन बे पत्र्या, मिशी कोनाकडं गहान टाकली?" तो म्हणायचा, "तुह्या सासऱ्याकडं. पट झाला की सोडवून आनतो." त्याची बायको त्याच्यावर वरताण. विहिरीवर सांगायची, "बाई, माह्या घरी आता सवत आली. माह्यापेक्षा चांगली चालते." चालायचाच तो. रोज संध्याकाळी डोक्यावर भरलेली घागर घेऊन विहीर ते घर अशी चाल शिकायचा. बैलांवर ओरडायचं सोडून दिलं, कारण गळा बसतो. आंबट, थंड काही तोंडात घालायचा नाही. आमच्याकडे बोरं सुकत घातली होती, त्यांच्याकडे नुसतं पाहायचा आणि तोंड फिरवायचा.

एक दिवस सकाळी तो भट्टीवर आला आणि आईला म्हणाला, "बाई, मले तुमचं पाहाचं आहे."

"माहं का पाहतं रे पत्रू? मी का शंकरपट आहो?"

"मुरमुरेवालीचं काम आहे मले. मी नांगरवाला. हात कसे चालतात ते मले मालूम नाई. एका कोन्यात बसतो. बोलनार नाई."

आई हसली. "बस. पन बिडी पिशीन त बाहेर."

"बिडी सोडली जी."

तो रोज आला. भट्टी पेटायच्या आधी येऊन तुळशीजवळच्या दगडावर बसायचा. आम्हीच कधी उशिरा पेटवायचो. कधी आईची कंबर धरलेली, कधी लाकूड ओलं. तो मात्र बसलेला असायचा, धुकं असो नाहीतर अवकाळी भुरभुर. एकदा आईनं त्याला पाहिलं, आणि मग मला म्हणाली, "पोट्टे, ऊठ. थो मानूस नक्कल कराले आपल्या आधी येते, आनि आपन अस्सल असून झोपून राह्यलो." तेव्हापासून आमची भट्टी वेळेवर पेटायला लागली. माझी आजही वेळेवर पेटते. भद्रावतीच्या कॉलनीतला दुकानदार म्हणतो, तुमच्या मालाची गाडी आली की घड्याळ लावून घ्यावं. त्याला वाटतं ही माझी शिस्त. ती पत्रूभाऊच्या त्या दगडाची आहे.

तो बोलायचा नाही, प्रश्न क्वचित विचारायचा. त्याच्या हातात एक रिकामी नारळाची करवंटी असायची. आई शेर भरायची तशी तो हवेतून करवंटी भरायचा. आई जुडी फिरवायची तसा मनगट फिरवायचा. घाम पुसायची कशी, पदराचं टोक दातात धरायची कशी, धूर डोळ्यात गेला की कोणता डोळा आधी मिटायची. एकदा त्यानं विचारलं, "बाई, धान घेतांनी आंगठा बाहेर, मुरमुरे देतांनी आत. असं काऊन?" आईनं मला सांगितलं होतं तेच त्याला सांगितलं, आणि तितक्याच सहज. "मुरमुरे उडतात रे." त्यानं मान डोलावली आणि करवंटीत अंगठा घातला. मी समोर बसून पाहत होते. आईच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला आज वाटतं, तिलाही इतक्या वर्षांत ते खरंच वाटायला लागलं असावं. तिला तिच्या आईनं शिकवलं असणार, त्याच शब्दांत. पण असं म्हणून मी कुणाला सोडवते आहे, तिला की मला, हे मला नक्की सांगता येत नाही.

शंकरपटाच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या अंगणात रंगीत तालीम झाली. रंगीत तालीम म्हणजे रंग लावून, लुगडी नेसून, पेटी-तबल्यासह, थेट नाटकासारखी. गावातल्या बाया आणि पोरं ती पाहायला जायची, कारण खऱ्या नाटकाला पाहुण्यांच्या पाठी दिसायच्या. आईनं त्या दिवशी भट्टी लवकर बंद केली, धुतलेलं लुगडं नेसली. आपलं काम कुणीतरी करणार म्हणून ती जरा लाजलेली होती. आम्ही पुढेच बसलो. आमच्या बाजूला गयाबाई. ही टोलीवरची, म्हणजे गावाबाहेर जंगलाच्या कडेला पाच-सात झोपड्या होत्या तिथली. नवरा नव्हता, एक लेक. मोह वेचायची, लोकांच्या बांधीत रोवणी-कापणी करायची, मजुरीचं धान मिळालं की त्यातलं थोडं आमच्याकडे आणून मुरमुरे न्यायची. तिची लेक माझ्या आईला चिकटून बसली आणि आईनं तिच्या हातावर मुरमुरे ठेवले.

पत्रूभाऊ आला तेव्हा पोरं हसली, पण दोन वाक्यांत गप्प झाली. तो पत्रूभाऊ नव्हताच. लुगड्याचा काचा, कंबर धरून उठणं, धुरानं आधी डावा डोळा मिटणं. बाया माझ्या आईकडे पाहायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अवो, हे त कौसाबाई!" आईनं पदर तोंडाला लावला. तिला आवडत होतं. माझा तर ऊर भरून आला होता.

मग तो प्रवेश आला. मुलाचं काम करणारा कोट घालून आला, म्हणाला, "बाई, शेरभर मुरमुरे दे." पत्रूभाऊनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले. मला आठवतं, खरंच भरले. मुलानं गावच्या रीतीप्रमाणे धान ओतलं. पत्रूभाऊनं अंगठा बाहेर ठेवून, वर शीग करून धान घेतलं. मग अंगठा आत घालून मुरमुऱ्यांचा शेर भरला, मुलाच्या रुमालात उलटा केला, तळहातानं झाकून. आणि मग, डोळ्यांत पाणी तसंच ठेवून, सुपातून एक चिमूट उचलली आणि म्हणाला, "घे रे बाबा, हे वरचं."

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळं अंगण. लोटपोट. पेटीवाल्याचं बोट सुटलं. कुणीतरी मागून ओरडलं, "मूठभर मारते न चिमूटभर देते, वा रे माय!" माझ्या बाजूला गयाबाई हसत नव्हती. ती स्टेजवरच्या हाताकडे पाहत होती, आणि मग तिनं आपल्या पदराकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. माझा उजवा हात मांडीवर होता. मी तो परकराखाली घातला. का घातला ते मला घालून झाल्यावर कळलं. हात कुणाचा पाहून राहिले होते लोक? आईचा. आणि आई थकली की भट्टीवर माप कुणाच्या हातात असायचं? माझ्या.

पत्रूभाऊ थांबला नाही. मी नंतर आयुष्यात बरीच माणसं पाहिली, भरल्या सभेत लोक हसले की तोल जाणारी. मी स्वतः काल तोल गेलेली. तो नांगरवाला माणूस हशाच्या मधोमध उभा राहिला, ते ओसरेपर्यंत डोळ्यांतलं पाणी सांभाळलं, पुढचं वाक्य ठरल्या जागी बोलला आणि ठरल्या पावलांनी आत गेला. समोरच्याला त्याच्या शब्दाची वाट होती, म्हणून.

आई उठून घरी आली ती थेट भट्टीशी. पेटलेली नसताना कढईतली वाळू फिरवत बसली. बाबा गाडी सोडून आले तेव्हा तिनं सांगितलं, "पत्र्यानं गावात माही नक्कल काढली. मी त्याले कोन्यात बसू देलं, आनि त्यानं माह्या तोंडाले काळं लावलं. उद्या पटाले दहा गावचे लोक येतीन. उद्या थे सगळे हासतीन. मंग कोन घेते आपले मुरमुरे?"

बाबांनी पाय धुतले. मग म्हणाले, "त्यानं काई खोटं केलं का?"

आईनं वाळूत जुडी पुन्हा फिरवली. बाबांना माहीत होतं. हे मला त्या एका प्रश्नात कळलं आणि मला त्यांचाही राग आला. माहीत असून ते वर्षानुवर्षं आमच्याबरोबर जेवत होते. मग माझ्या लक्षात आलं की मीही जेवतच होते. माझ्या पायात चांदीचे तोडे होते, त्याच साली केलेले. ते मी त्या संध्याकाळी काढून ठेवले आणि आईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दिवे लागायच्या सुमाराला पत्रूभाऊ आला. रंग नीट निघालेला नव्हता, कानामागे पांढरं राहिलं होतं. तो अंगणातच उभा राहिला. मला वाटलं आता आई त्याच्यावर तुटून पडणार. तीही पदर खोचून उठली होती. पण त्याच्या हातात ती करवंटी होती, आणि तोच आधी बोलला.

"बाई, माहं कुठी चुकलं?"

आईनं खोचलेला पदर सोडला.

"मास्तर म्हनते का हात बदलव, लोकं हासले. पेटीवाला म्हनते का पब्लिकले अक्कल नाई. मी त्याले म्हनलं, पब्लिकचं चुकत नसते. रडाच्या जागी हासले म्हंजे माह्याच हातात काई खोट आहे. तुम्ही रोज मोजता. तुमच्या समोर कोनी हासत नाई. माह्या हातात हासू कुठून आलं?" त्यानं करवंटी पुढे धरली, अंगठा आत. "असंच आहे नं? का काई सुटलं? एक डाव मोजून दाखवा, बाई. मले उद्या रडवाचं आहे लोकाईले."

त्याला माहीत नव्हतं. गावात हसणाऱ्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि ज्यानं सगळ्यात बारीक पाहिलं त्याला कळलं नव्हतं. तो आमच्यात चोर शोधत नव्हता. स्वतःत चूक शोधत होता. काल मेळाव्यात मला हेच सांगायचं होतं. विक्री बसली की आम्ही धंदेवाले आधी गिऱ्हाइकाला नावं ठेवतो, मग बाजाराला, मग शेजारच्या दुकानाला. नाटकातला माणूस घरी जाऊन आपला हात पाहतो. एवढं एक वाक्य होतं. पण ते बोलायचं तर त्याच्याबरोबर अंगठाही दाखवावा लागतो, आणि माझ्यासमोर हार ठेवलेला होता.

आईनं शेर उचलला. तो भिंतीशी पालथा होता. उचलून हातात धरला, बाहेरूनच, आणि मुरमुऱ्यांच्या पोत्याकडे गेली नाही. मी तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "अंगठा बाहेर काढ," एवढंच म्हटलं असतं तरी त्याचं काम झालं असतं, पण मग पुढचा प्रश्न आला असता: "मंग तुम्ही काऊन आत घालता?"

"अंधार झाला रे पत्रू," ती म्हणाली. "आता हात दिसत नाई. सकाळी ये."

"येतोच. भट्टी पेटवान नं? पटाचा दिवस आहे म्हनून म्हनतो."

"पेटवीन."

तो गेला. आईनं शेर परत पालथा घातला. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. आईनं भात केला, बाबांनी आणि मी थोडा चिवडला, ती बसलीच नाही. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि बसले नाही. बसून काय बोलायचं होतं? तू मला असं का शिकवलंस? की, मी विचारलं तेव्हा खरं का सांगितलं नाहीस? आई आता नाही. भट्टी तिनं शेवटपर्यंत चालवली, पण त्या दिवसानंतर शेर कधी हातात घेतला नाही. लोकांना वाटलं लेकीला मोठं केलं, गल्ला दिला. मी तो प्रश्न तिला कधी विचारला नाही, आणि न विचारल्यानं तिच्यावर उपकार केले असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. विचारला असता तर तिला एकदा बोलता आलं असतं.

गयाबाईचं काय, हा माझा खरा प्रश्न आहे. तिला किती दिवस, किती शेरांतून किती गेलं, याचा हिशेब कधी होणार नव्हता. तिची लेक पुढे लग्न होऊन एटापल्लीकडे गेली. आता माझ्या पाकिटांचं काट्यावर वजन होतं, काटा सरकारी शिक्क्याचा आहे, त्यात अंगठा घालायला जागा नाही. बाया मला म्हणतात, तुम्ही दर पाकिटात वजनापेक्षा चार दाणे जास्त का टाकता? मी सांगते, पिशवीत तूट येते म्हणून. आम्हा मुरमुरेवाल्यांकडे कारण नेहमी तयार असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या आधी उठले. भट्टी मीच पेटवली. बाहेर दव पडलं होतं आणि गावच्या रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या. पत्रूभाऊ दगडावर येऊन बसला होता, घोंगडी पांघरून, हातात करवंटी. आई उठून आली, मला भट्टीशी पाहिलं, आणि जुडी हातात घेऊन कढईशी बसली. मापाशी मी बसले.

पहिलं गिऱ्हाईक गयाबाई. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण लेकीला पटाच्या दिवशी मुरमुरे हवे होते आणि आमच्याशिवाय गावात दुसरी भट्टी नव्हती. तिनं धान खाली ओतलं. मी तिच्या धानानं शेर भरला, पण शीग केली नाही. हातानं कडेवरून सपाट केलं आणि उरलेलं तिच्या टोपलीत परत ढकललं. मग मी शेर मुरमुऱ्यांत घातला. हात सवयीनं आत गेला. मी तो बाहेर काढला, अंगठा शेराच्या बाहेरच्या कडेला लावला, शेर पूर्ण भरला आणि तिच्या पदरात उलटा केला. हात उघडा होता. सगळ्यांना दिसत होता.

कढईत दाणे तडतडत होते. आईनं मान वर केली नाही.

गयाबाईनं पदर धरूनच ठेवला होता, पसरलेला, नेहमीसारखा. तिनं सुपाकडे पाहिलं.

"वरचं?" ती म्हणाली.

"वरचं नाई आता," मी म्हटलं. "शेर पूर्ण आहे."

तिनं पदराचं टोक गोळा केलं, हातानं वजन पाहिलं आणि निघाली. दगडावर पत्रूभाऊनं करवंटी उचलली, अंगठा बाहेर घेतला आणि हवेतून माप भरलं. 'वरच्या' चिमटीसाठी पुढे गेलेला त्याचा दुसरा हात मधेच थांबला आणि परत मांडीवर आला. त्यानं तेच पुन्हा केलं. मग पुन्हा. मी पुढच्या बाईचं धान सपाट करायला घेतलं.